पडत्या दिवसाचा आकडा

बंगळूरच्या चिकपेटेत साड्यांचा धंदा आषाढात बसतो. लग्नाचे मुहूर्त नसतात, दुकानांवर ‘आषाढ सेल’च्या पाट्या लागतात आणि व्यापारी श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाकडे डोळे लावून असतात. या दिवसांतही संध्याकाळी बँकेची रोजची ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट येतोच. दुकानदार ठरलेले पन्नास, शंभर किंवा दोनशे रुपये काढून देतो, पावती घेतो, आणि एजंट शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. दिवाळीच्या तोंडावर गल्ला भरलेला असतानाही दुकानदार तेवढेच देतो.

हा आकडा कसा ठरतो ते समजून घेण्यासारखं आहे. नवखा माणूस हंगामात खातं उघडतो. हातात पैसा खेळत असतो, म्हणून रोजचे पाचशे लावतो. आषाढ आला की आधी ‘उद्या या’ म्हणतो, मग एजंटाची नजर चुकवायला लागतो आणि शेवटी खातं मोडतो. मुरलेला व्यापारी आकडा लावण्याआधी आषाढ आठवतो. दुपारपर्यंत भवानी झाली नाही, पावसानं रस्ता ओस पडला, घरी कुणी आजारी आहे, अशा दिवशी गल्ल्यातून किती निघतील? तेवढाच आकडा तो लावतो.

वजन उतरवायचं असो, परीक्षा द्यायची असो, नवी भाषा शिकायची असो की गावाकडं घर बांधायचं असो, आपण बहुतेक जण आकडा हंगामात लावतो. पाडव्याला किंवा एक जानेवारीला मन भरलेलं असतं, सुट्टी असते, झोप पूर्ण झालेली असते. त्या भरात रोज तासभर चालायचं, रोज पन्नास पानं वाचायची असं ठरतं. पुढं ताप येतो, पाहुणे येतात, कामावर रात्र होते, आणि तो आकडा झेपत नाही. मग आपण स्वतःला आळशी म्हणतो. माझ्या मते आळशीपणाचा यात फारसा संबंध नसतो. आकडा चुकीच्या दिवशी काढलेला असतो. तो पडत्या दिवशी काढावा, हे मला या लेखात आग्रहानं सांगायचं आहे, आणि तो कसा काढायचा हेही.

पिग्मीचा जन्मच पडत्या काळात झाला. १९२५ साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र अनंत पै आणि वामन कुडवा या तिघांनी आठ हजार रुपयांच्या भांडवलावर कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट ही बँक काढली. हातमागाचा धंदा अडचणीत होता, विणकर कर्जात बुडाले होते, आणि त्यांना मदत करायला लागणारा पैसा गावातल्याच छोट्या बचतीतून उभा करायचा होता. पण रोजंदारीवरचा माणूस बँकेची पायरी चढत नसे. महिन्याच्या शेवटी त्याच्या हाती काही उरतही नसे. १९२८ साली बँकेनं स्वतःचीच माणसं दारोदार पाठवायला सुरुवात केली आणि दिवसाला दोन आण्यांपासून रक्कम घ्यायचं ठरवलं. हीच पिग्मी ठेव. ती बँक पुढं सिंडिकेट बँक झाली, १९६९ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि १ एप्रिल २०२० रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र कर्नाटकाच्या पेठांमधून महाराष्ट्रातल्या नागरी बँका आणि पतसंस्थांपर्यंत पसरली. सांगली-कोल्हापूरकडं ‘पिग्मी’ म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन आण्यांच्या या योजनेत चार गोष्टी एकत्र आल्या: झेपणारा आकडा, ठरलेली वेळ, दारात येणारा माणूस आणि कार्डावरची नोंद. आपल्या ध्येयांत यांतली एखादीच असते, आणि बाकीचं सगळं आपण मनोनिग्रहावर सोडून देतो.

आकड्याचं उदाहरण चिकपेटेच्या आसपासचंच घेऊ. शेजारच्या नगर्तपेटेत दागिन्यांची कामं चालतात, आणि जिथं सोन्याचं काम तिथं गलाईचं दुकान आलंच. जुने दागिने मुशीत वितळवायचे, सोन्यातली भेसळ काढून ते शुद्ध करायचं, हे काम देशभर करणारी बरीचशी माणसं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी भागातली. विट्याच्या आसपासच्या गावांत तर घरटी एखादा माणूस परमुलखात गलाईला असतो. तिथून नुकताच आलेला विशीतला मुलगा डोळ्यांपुढं आणा. त्याला कन्नड येत नाही. पेठेतल्या भावसार आणि नामदेव शिंपी समाजाच्या जुन्या घरांमध्ये मराठीबरोबर कन्नड पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, पण हा कालपरवा आलेला. दिवसभर भट्टीजवळ उभं राहायचं, रात्री दुकानाच्या माळ्यावर आडवं व्हायचं. त्यानं ‘तीन महिन्यांत कन्नड शिकणार’ असं ठरवलं तर काय होईल ते सांगायला नको.

त्याचा पडत्या दिवसाचा आकडा काय असावा? मी म्हणेन, एक वाक्य. दुकानात आलेल्या माणसाकडून ऐकलेलं किंवा शेजाऱ्याला विचारून घेतलेलं एक कन्नड वाक्य देवनागरीत वहीत उतरवायचं आणि त्याच दिवशी एकदा तरी कुणाशी तरी बोलायचं. आज ‘एष्टु आगत्ते’ (किती होतील), उद्या ‘नाळे बन्नि’ (उद्या या), परवा ‘स्वल्प कम्मि माडि’ (थोडं कमी करा). अंगात ताप असला तरी एक वाक्य होतं. वर्षाला तीनशे पासष्ट वाक्यं होतात, आणि दुकानाच्या व्यवहाराला त्याहून फार जास्त लागत नाहीत. अक्षरओळखीचा आकडा वेगळा ठेवावा: आठवड्याला दोन अक्षरं. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरं आहेत, म्हणजे पंचवीस आठवडे. त्यासाठी पुस्तकही नको. २०२४ च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देणं सक्तीचं झालं आहे. चिकपेटेतल्या गल्लीतून एक चक्कर मारली की हवं ते अक्षर दहा ठिकाणी सापडतं, आणि शेजारी बहुतेकदा इंग्रजी असतंच, ताडून पाहायला.

तुमचा आकडा तुम्हीच काढायचा आहे. कागदावर गेल्या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस लिहा. कुठला होता, काय झालं होतं, रात्री किती वाजले होते. त्या दिवशी, त्या थकव्यात, तुमच्या ध्येयासाठी काय झालं असतं? गणिताचं एक उदाहरण? एक पान? जिन्याचे दोन मजले? उत्तर इतकं लहान येईल की मनाला पटणार नाही. ते तसंच राहू द्या. चांगल्या दिवशी जास्त करायला कुणाची हरकत नाही, पण ते वरचं समजायचं. आकडा त्यामुळं बदलत नाही, आणि काल जास्त केलं म्हणून आज सुट्टीही मिळत नाही. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण बहुतेकांची घडी इथंच मोडते. रविवारी चार तास अभ्यास करून सोमवार-मंगळवार माफ करून घेतले की बुधवारी वही उघडायला पुन्हा पहिल्या दिवसाइतकाच जोर लागतो.

वेळेच्या बाबतीत घड्याळापेक्षा एखादं ठरलेलं काम जास्त उपयोगी पडतं. ‘रोज साडेआठला’ असं ठरवलं की साडेआठला गिऱ्हाईक येतं. ‘शटर ओढलं की’, ‘चहाचा कप खाली ठेवला की’, ‘मेट्रोतून उतरलो की’ असं ठरवलं तर ते काम रोज होतंच, मग ते दहा मिनिटं पुढंमागं का होईना. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरीच वर्षं काम केलं. त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. तो नेमका कधी आणि कुठं बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यात वेळेवर अहवाल पाठवणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. इच्छा दोन्ही गटांची होती. म्हणून तुमचा आकडा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा एका वाक्यात लिहा, आणि वाक्यात जागाही येऊ द्या.

चालण्याचं घ्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला ते बावीस मिनिटांच्या आत येतं. पूर्वी हा व्यायाम सलग दहा मिनिटं तरी असावा असं सांगत. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली आहे, त्यामुळं पाच-पाच मिनिटांचे तुकडेही धरले जातात. चिकपेटेत काम करणाऱ्यानं सकाळी मेट्रोच्या ग्रीन लाइननं चिकपेट स्थानकापर्यंत न जाता मॅजेस्टिकला उतरून उरलेलं अंतर चालत जावं. दुकानं उघडायच्या आत, हातगाड्या लागायच्या आत हा रस्ता भराभर चालण्याजोगा असतो. अकरानंतर तिथं खांद्याला खांदा लावून सरकावं लागतं. पाऊस असेल तर मेट्रोनं चिकपेटला उतरावं आणि सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्यांनी वर यावं. पडत्या दिवसाचा आकडा तेवढाच.

दारात येणाऱ्या माणसाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण पिग्मीतला खरा जोर त्याच्यात आहे. सायंकाळी दहा दुकानांत जाऊन पैसे गोळा करणं हे कष्टाचं काम आहे. अनेक वर्षं या लोकांना नुसतं कमिशनवर ठेवून बँका त्यांना आपले कर्मचारी मानायला तयार नव्हत्या. ठेव गोळा करणारे हे लोक औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली शिस्त म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात अर्धा वाटा पायऱ्या चढून येणाऱ्या या माणसाचा असतो. तो आला नसता तर पन्नास रुपये गल्ल्यातच राहिले असते आणि रात्री कशात तरी खर्च झाले असते.

तुमच्या ध्येयासाठी असं कोण येईल? घरातला माणूस शक्यतो नको. तो एकतर दया करतो किंवा टोमणे मारतो. ज्याच्याशी रोज गाठ पडते, ज्याला आपल्याकडून दुसरं काही नको आहे, असा माणूस बरा. गलाईच्या पोरानं शेजारच्या दुकानातल्या काकांना सांगावं: ‘काका, रोज संध्याकाळी मला विचारा, आजचं वाक्य काय?’ त्यांनी रागवायचं नाही, शिकवायचं नाही, नुसतं विचारायचं. असं कुणी नसेलच तर गावाकडं असलेल्या आईला रात्री फोनवर दोन शब्दांत सांगितलं तरी चालतं. बदल्यात त्यांचंही एखादं काम विचारायला घ्या, म्हणजे मागणं एकतर्फी राहत नाही.

मोडायला थोडं अवघड असणं हेही पिग्मीचं बळ आहे. मुदतीआधी खातं बंद केलं तर व्याज कमी मिळतं किंवा काही रक्कम कापली जाते. फिलिपीन्समधल्या मिंडानाव बेटावर नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन या अर्थतज्ज्ञांनी एका बँकेच्या ग्राहकांना असं खातं देऊ केलं, की ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. व्याज नेहमीच्या खात्याइतकंच होतं. तरीही २८ टक्के ग्राहकांनी ते घेतलं. वर्षभरानं, ज्यांना हे खातं देऊ केलं होतं त्या सगळ्या गटाची सरासरी बचत इतरांपेक्षा ८१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्याच्या आपल्यावर आपला पूर्ण भरवसा नसतो, हे त्या ग्राहकांना कळलेलं होतं. रात्री मोबाइल पाहण्यात अभ्यास बुडत असेल तर मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावा. खोली एकच असेल तर दारामागच्या उंच खुंटीला पिशवीत अडकवा. उठून जावं लागलं पाहिजे, इतकंच.

नोंद साधी ठेवा. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. झालं त्या तारखेवर खूण करा. महिन्यातून एकदा खुणा मोजा आणि दहाहून जास्त तारखा कोऱ्या असतील तर आकडा अर्धा करा. वेळ बदलून पाहायची असेल तर ती नंतर. आधी आकडा.

दिवस चुकणारच. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या रोजच्या सवयींची बारा आठवडे नोंद ठेवली. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसामाणसांत फरक मोठा होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. पाण्याचा पेला पिण्यासारखी गोष्ट लवकर जमली, व्यायाम उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटेत म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. म्हणून एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याच्या गोष्टींवर विसंबू नका. तीन-चार महिने धरून चला. चुकलेल्या दिवसाची भरपाईही करू नका. काल वाक्य राहिलं म्हणून आज दोन, परवा तीन, असं थकबाकीचं गाठोडं वाढत गेलं की माणूस वहीच टाळायला लागतो. आजचं एक वाक्य करा आणि पुढं चला.

आता एक गंभीर गोष्ट. थोडंथोडं रोज, ही ताकद उलट्या दिशेनंही तितकीच चालते. बाजारात पिग्मी एजंटासारखाच, तसंच कार्ड घेऊन, दुसराही एक माणूस संध्याकाळी फिरत असतो. तो कर्जाची वसुली करतो. समजा दहा हजारांचं कर्ज आहे, हातात नऊ हजार दिले आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये घ्यायचं ठरलं. शंभर रुपये जाणवत नाहीत, म्हणून माणूस हो म्हणतो. हिशेब केला तर हे व्याज वर्षाला पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर जातं. बंगळूरकडं ज्याला ‘मीटर बड्डी’ म्हणतात ती सावकारी याहूनही जाचक असते. असं कर्ज डोक्यावर असताना शेजारी पिग्मी चालवण्यात अर्थ नाही. निघतील ते सगळे पैसे आधी कर्जात टाका. गुटखा, मोबाइलवरचे पैशांचे खेळ, यांचाही रोजचा आकडा एकदा कागदावर मांडून वर्षाच्या दिवसांनी गुणून पाहा. दिवसाला साठ रुपये म्हणजे वर्षाला एकवीस हजार नऊशे.

काही कामं थोडीथोडी होतही नाहीत. छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अर्जाची शेवटची तारीख असेल तर एक दिवस काढून तो पुरा करायचा. नकोसं नातं किंवा नोकरी सोडायचा निर्णय रोज एक पाऊल टाकून होत नाही. ते निर्णय घेण्याचं बळ यावं म्हणून आधी काही महिने पैसे बाजूला टाकता येतात.

आणि पिग्मी खरोखरच सुरू करणार असाल तर खातं कुठं उघडता ते पाहा. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थांच्या ठेवींना तो लागू नाही, मग ओळखीचा माणूस संचालक असो वा नसो. मुदत किती, आधी मोडलं तर काय कापलं जाईल, हे पहिल्याच दिवशी विचारा. पैसे दिल्यादिल्या पावती घ्या आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खात्यातली रक्कम पावत्यांशी ताडून पाहा. व्याज फार मिळत नाही, त्यामुळं मुदत संपली की रक्कम साध्या मुदत ठेवीत हलवलेली बरी. दिवसाला पन्नास म्हणजे वर्षाला अठरा हजार दोनशे पन्नास. त्यातून घर उभं राहत नाही, पण पावसाआधी गावाकडच्या घराचं छप्पर शाकारून होतं आणि त्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

मुदत संपण्याच्या वेळी फार जणांची घडी विस्कटते, म्हणून त्याबद्दल शेवटचं. ठरवलेलं गाठलं की आनंदानं माणूस आठवडाभर थांबतो, आणि ती रिकामी झालेली वेळ दुसरं काहीतरी गिळून टाकतं. जुनं संपायच्या आत नवं ठरवून ठेवा, आणि वेळ, जागा, विचारणारा माणूस तोच राहू द्या. आकडा वाढवायचा तर याच टप्प्यावर वाढवा. परीक्षा झाली असेल तर अभ्यासाच्या जागी रोज वाचनाचं एक पान ठेवा. त्या गलाईच्या पोराला बोलता येऊ लागलं असेल तर त्यानं त्याच वहीत, शटर ओढल्यावर, ‘प्रजावाणी’ या कन्नड दैनिकातला रोज एक मथळा अक्षर लावून वाचायला घ्यावा.